रिप्लेस ऑल
तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास ‘झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन’ अशा पाटीखाली ऑपरेटर नावाचा जो वर्ग नांदतो, त्याचा सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यातील नमुना विशेष अभ्यसनीय आहे. कारण जगातील सर्व दस्त एकदाचे लिहून झालेले असून आता केवळ नावे बदलायची उरली आहेत, अशी त्याची ठाम धारणा असते. काम हक्कसोडपत्राचे, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील आपला हिस्सा सहहिस्सेदाराच्या लाभात सोडल्याच्या लेखाचे असो, की नागपंचमीच्या मिरवणुकीच्या परवानगीचे, तो मागची फाईल उघडतो, ‘फाइंड अँड रिप्लेस’ ही मजकुरातील एक अक्षरमालिका हुडकून तिच्या जागी दुसरी घालणारी सोय हाताशी घेतो आणि डाव्या तळहातावरील तंबाखूत खंड पडू न देता उजव्या हाताने ‘रिप्लेस ऑल’ दाबतो.

संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ पाहत नाही. त्यामुळे ‘लता’च्या जागी ‘सुमन’ घालताच लताबाईंच्या सुमनबाई होतात हे खरे, परंतु त्याच झपाट्यात दस्तातील ‘चुलता’ही ‘चुसुमन’ होतो. ‘पूर्ण शब्दच शोधा’ हा पर्याय निवडून ‘लताबाई’ शोधावे, तर मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्याने ‘लताबाई’ सापडतात आणि ‘लताबाईंनी’ निसटतात. त्यातही सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी होणारा शब्दातील बदल, ऑपरेटरच्या हिशेबात नसल्याने ‘शिराळा’ काढून ‘कोकरूड’ घातले, तरी ‘शिराळ्याच्या’ आणि ‘शिराळ्यास’ ही रूपे शाबूत राहतात. परिणामी जमीन कोकरूडला आणि तिच्या चतुःसीमा शिराळ्यात, अशी मिळकत कागदोपत्री अस्तित्वात येते.

चूक दाखवली असता ओशाळणे या वर्गाच्या स्वभावात नाही. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली झाले आणि २०२५ मध्ये शेजारच्या इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले, हे दाखले त्याच्या जिभेवर असतात. ‘‘सरकार अख्खा जिल्हा बदलतंय, तिथं एका चुलत्याचं काय घेऊन बसलाय?’’ हा त्याचा सवाल पक्षकाराला निरुत्तर करतो. तरीही पक्षकार परत त्याच्याकडेच येतो, कारण नोंदलेल्या दस्तातील चूक सुधारण्यासाठी चूकदुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्याचीही जुनी फाईल ऑपरेटरकडे तयार असते. तिच्यात आधीच्या पक्षकाराची चूक तशीच राहिलेली असते, आणि टायपिंगचे पैसे अर्थातच वेगळे पडतात.