मोत्या कसा गेला, तेही सांगा

जनावराची गोष्ट सांगताना आपण शेवट गाळतो. आपल्या घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीत, कुंभार पिंपळगावात, कुणाच्याही ओसरीवर बसा. मोत्या पावसात कसा सापडला, कपिला नुसत्या हाकेला कशी धावत यायची, सर्जा न हाकता आखाड्याची वाट कशी धरायचा, हे रंगून सांगतात. मग आवाज खाली येतो आणि एकच शब्द उरतो : गेला. कशानं गेला, काय केलं असतं तर वाचला असता, हे कुणी काढत नाही. दुःख असतं, ते मला कळतं. पण दुसऱ्याच्या दावणीला उपयोगी पडेल असा भाग नेमका तोच असतो आणि तोच आपण गिळून टाकतो.

अर्धी गोष्ट काय करते, हे गोदावरीच्या पलीकडे दिसलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव डिसेंबर 2021 मध्ये जगभर गाजलं. तिथं वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. बातमी झाली ती सुडाची : कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी अडीचशे पिल्लं मारली. देशोदेशी लोकांनी ती चवीनं वाचली, तिच्यावर चित्रं काढली. गावात जाऊन विचारणाऱ्यांना लोकांनी वेगळंच सांगितलं. वानरं पिल्लांना कवटाळून बसायची, त्यांच्या अंगावरचे किडे वेचायची. पिल्लं मरायची ती दुधावाचून, नाहीतर उंचावरून पडून. पिल्लू सोडवायला गेलेला एक गावकरी पडून जायबंदी झाला. वन विभागानं दोन वानरं पकडून नेली आणि जगाचा रस संपला. युद्धाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. भुकेनं मेलेल्या पिल्लाची गोष्ट गावातच राहिली.

घरचं सांगायचं तर सप्टेंबर 2025 चा पूर आठवा. जायकवाडीतून पाणी सुटलं, गोदाकाठच्या गावांत शिरलं, मराठवाड्यात जनावरं मेली. जनावराला पोहता येतं. गाय पोहते, म्हैस तर पाण्याचीच. दाव्याला बांधलेलं जनावर मात्र खुंट्याभोवती फिरून बुडतं. पूर आला की आधी दावी सोडा, सोडायला वेळ नसेल तर कापा, हे एवढंच वाक्य त्या पुराच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी यायला हवं होतं. आलं काय? भरपाईचा आकडा. सरकारी निकषानं दुधाळ जनावराला 37,500 रुपये, ओढकामाच्या जनावराला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000. पैसे मिळायलाच हवेत, वेळेवर मिळायला हवेत. पंचनाम्याला ‘पुरात मृत’ एवढं पुरतं. गावाला एवढं पुरू नये. गोठा नदीकडच्या अंगाला का होता, रात्री कुणी सांगावा धाडला का, उंचावर जनावरं बांधायला जागा ठरली होती का, हे गावानं विचारायचं असतं.

दुसरी गोष्ट ज्वारीची. पावसानं ताण दिला की ज्वारीची कोवळी, खुरटलेली पानं आणि कापणीनंतर फुटलेले धुमारे विषारी होतात. गाय दावं तोडून रानात शिरते, चार घास खाते आणि घटकाभरात कोसळते. मग लोक म्हणतात : नजर लागली, कुणीतरी काही घातलं. शेजाऱ्याशी वैर धरलं जातं. त्या गाईच्या प्रेमात बुडालेला माणूस तिची गोष्ट आयुष्यभर सांगतो आणि त्यात ज्वारीचं नावही येत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याची गाय त्याच धुमाऱ्यांत तोंड घालते.

तिसरी लम्पीची. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यापासून ज्याची मोठी साथ राज्यात आली, तो हा रोग माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. अंगावर गाठी, ताप, सुजलेले पाय. बाजार बंद झाले, पोळ्याच्या मिरवणुकांवर बंधनं आली. सरकारी दवाखान्यांनी लस फुकट टोचली. त्या साथीत वासरं गमावलेली घरं आपल्या तालुक्याच्या आसपासही आहेत. त्यांनी मोठ्यानं सांगावं : गोठ्यात धूर केला होता का, गोचीड काढले होते का, आजारी जनावर वेगळं बांधलं होतं का, लस कधी टोचली. ज्यांचं जनावर वाचलं त्यांनीही हेच सांगावं. ‘देवाची कृपा’ म्हणून उठून जाऊ नये. कृपा असेल, पण तिच्यासोबत कडुनिंबाचा धूरही होता, तो का लपवायचा?

आता मोत्या. रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू घरातलं होतं, पोरांच्या अंगावर लोळतं. हे प्रेम मला फार मोलाचं वाटतं, म्हणूनच बजावून सांगतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी लस. चावलं किंवा दात लागून खरचटलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं लस फुकट मिळते. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच हाती लागत नाही. ‘घरचंच पिल्लू आहे, त्याला काय होतंय’ या वाक्यानं पोरं दगावतात. आणि भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण हे काम केंद्राच्या 2023 च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेलं आहे. घनसावंगीला नगरपंचायत आहे, गावोगावी ग्रामपंचायती आहेत. दरवर्षी पिल्लांचा नवा घोळका उकिरड्यावर जन्मतो, कितीतरी गाड्यांखाली जातात. त्यांना पोळीचा तुकडा टाकणाऱ्यांनी पंचायतीच्या दारातही उभं राहायला हवं.

शेवटापर्यंत सांगितलेली गोष्ट काय करू शकते, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथं डॉ. प्रकाश आमट्यांना शिकार करून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेल्या माकडिणीच्या अंगाला तिचं पिल्लू अजून बिलगलेलं होतं. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. पुढे आणखी अनाथ पिल्लं येत गेली आणि तिथं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. आमटे ही गोष्ट सांगताना शिकाऱ्यांना क्रूर ठरवत नाहीत. ही माणसं भुकेपोटी शिकार करतात, हे ते आधी सांगतात. पिल्लू आणून द्या, बदल्यात धान्य घ्या, हा तोडगा त्या भुकेच्या ओळखीतून निघाला. भूक गाळून नुसतं गोंडस पिल्लू सांगितलं असतं, तर टाळ्या मिळाल्या असत्या, पिल्लं मिळाली नसती. आपल्या शेजारी बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला ‘सर्पराज्ञी’ प्रकल्पात जखमी रानप्राणी बरे करून परत रानात सोडले जातात. तिथं येणारा प्रत्येक प्राणी आपल्या जखमेचं कारण सोबत आणतो : उघडी विहीर, विजेची तार, वाहनाची धडक. ती कारणं आपल्याच शिवारातली आहेत.

म्हणून मागणं साधं आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं एक वही उघडावी. चार रकाने पुरतात : कोणतं जनावर, कोणता दिवस, कोणती जागा, कशानं गेलं. गाय-बैल लिहा, शेळी लिहा, कुत्रं-मांजर लिहा, विहिरीत पडलेलं हरीण लिहा. सोबत जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा फुकट नंबर पहिल्या पानावर ठळक लिहा आणि जनावर आजारी पडल्याबरोबर फिरवा, दोन दिवस घरगुती औषधांत घालवू नका. पाळणाऱ्यांनी आपल्या लाडक्याची गोष्ट या वहीत स्वतः सांगावी, रडत सांगितली तरी चालेल, पण पुरती सांगावी. त्या वहीत एकाच विहिरीचं नाव दोनदा आलं, तर तिसऱ्यांदा यायच्या आत तिला कठडा बांधायचा. ज्या गावानं हे केलं, त्या गावाचं जनावरांवर प्रेम आहे असं मी म्हणेन.