जिनवाले रावसाहेब

रावसाहेब जन्मत नसत. कापसाच्या गाठीसारखे ते दाबून तयार करावे लागत. सरकी काढलेली, प्रेसखाली चेपलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली आणि वर शिक्का मारलेली ३९२ पौंडांची गाठ आणि आमचे जिनवाले रावसाहेब यांच्या घडणीत फरक एवढाच, की गाठ एकदा विलायतेस रवाना झाली म्हणजे पुन्हा दिसत नसे आणि रावसाहेब मात्र इंग्रज सरकारचा हा किताब मिळाल्यापासून गावात जिकडेतिकडे दिसू लागत.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली आले, १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आणि ज्या काळ्या जमिनीकडे साहेबाने एरवी शेतसाऱ्यापलीकडे पाहिले नसते तिला एकाएकी भाव चढला. पुढे कारंज्यासारख्या पेठांतून सरकी काढणाऱ्या वाफेच्या जिनांची धुराडी उभी राहिली. त्या धुराड्यांच्या सावलीत हा पुरुष वाढला. किताबापूर्वीचे त्याचे रूप मला अधिक भावते. फाटकाशी गाडी थांबली, की धोतराचा सोगा सावरीत तो स्वतः येई, कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस ओढून काढी, चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी त्याचा धागा ताणी, आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न पाहता म्हणे, “ओला आहे जी.” वैशाखातला कापूससुद्धा त्याला ओला लागे. मग कडता, तोलाई, हमाली आणि सर्वांच्या शेवटी धर्मादाय, अशा वजावटी होऊन गाडीवाल्याच्या पदरी जे पडे ते मोजण्यास फार वेळ लागत नसे.

या धर्मादायातच किताबाचे बीज होते. गाडीमागे कापलेल्या पै-पैशांतून एके दिवशी दवाखान्याची इमारत उभी राही, तिच्या दर्शनी भिंतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी शिळा बसे, आणि उद्घाटनास डेप्युटी कमिशनर साहेब येत. ज्या कास्तकारांनी तो दवाखाना छटाक-छटाक कापसाने बांधला, ते बाहेर उन्हात उभे राहून टाळ्या वाजवीत. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून त्याचा बराच भाग अकोल्यात सामील झाल्यापासून तर किताबाच्या या मार्गाचा खर्च वाढला. साहेबाचा मुक्काम अकोल्यास, तेव्हा नाताळची डाली तेथवर नेणे आले. संत्री, सुका मेवा, साखरेची खेळणी, वर जरीचा रुमाल. साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीस दूध, कोंबड्या, वैरण यांचा पुरवठा; कोंबडीला शिवणे ज्याच्या कुळात निषिद्ध, त्यानेही मुनिमाच्या हाताने ती पोचवावी. १९१७ साली युद्धकर्ज निघाले तेव्हा तर किताबेच्छूंनी आपल्या खतावणीत राजनिष्ठेचे स्वतंत्र खातेच उघडले असावे.

अखेर एका नववर्षदिनी तार येई. सनद चौकटीत जाई, चौकट दिवाणखान्यात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी जाई, आणि तीस वर्षे ‘शेठ’ म्हणणारा मुनीम एखादवेळी चुकून पुन्हा ‘शेठ’ म्हणाला, तर रावसाहेबांना त्या क्षणापुरते ऐकू येईनासे होई.

यात एक कायदेशीर गंमत होती, तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९०२ साली सालिना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आले, तरी कागदोपत्री त्याची मालकी हैदराबादच्या निजामाचीच राहिली. म्हणजे कापूस वऱ्हाडचा, मुलूख निजामाचा आणि किताब विलायतेच्या बादशहाच्या नावाचा! रावसाहेब हे शब्दशः परकीय दरबाराचे मानकरी ठरत. निजामाच्या वारसालाही १९३६ साली ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हे अभिधान मिळाले. वऱ्हाडच्या कारभाराचा एक कागदही त्याच्या सहीस येत नसे, तेव्हा निव्वळ नावावर धन्य होण्यात आमचे रावसाहेब एकटे नव्हते.

त्यांना सलत असे ते वेगळेच. मुंबईचे गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट १८८७ साली ‘सर’ झाले आणि १८९० साली बॅरोनेट. हा दुसरा मान पिढ्यान्‌पिढ्या चालणारा. (त्या घराण्याचे नावच मुळी परकीय देणगी. आजोबा अंगाने ठेंगणे, म्हणून फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्यांना ‘पेटिट’ म्हणजे छोटा म्हटले, अशी आख्यायिका आहे.) उलट ‘रावसाहेब’ ही पदवी केवळ धारण करणाऱ्याच्या देहापुरती. रावसाहेबांनी घर, जिन, शेती, येणी सर्व मुलांच्या नावे केले. एवढी एकच मिळकत वारसाहक्काने उतरेना. त्यात १९२० साली काँग्रेसने किताब परत करण्याचा पुकारा केला, तेव्हा ते पंधरा दिवस आजारीच पडले.

पुढे राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताबच बंद झाले. परंतु बारशाला घटना लागू नाही. नातू झाला, आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले: ‘रावसाहेब’. सरकारने एका पिढीपुरते दिलेले घरच्या बायकांनी कुंकवाच्या बोटाने कायम करून टाकले.

तो नातू परवा बाजार समितीच्या आवारात भेटला. जिन केव्हाच विकले गेले आहे, आणि आता तोच ट्रॅक्टरवर सोयाबीन घेऊन रांगेत उभा होता. मापाऱ्याने पोत्यात हात घातला, चार दाणे दाताखाली धरले आणि मान न वळवता ओरडला, “ओ रावसाहेब, माल ओला आहे तुमचा. ट्रॅक्टर बाजूले घ्या!”