डबीवाले भाऊ

पिपरी मेघेत ज्याला इअरबड्स घ्यायचे असतात त्याने दुकानात जायचं नसतं, मोबाइलवरून ऑर्डरही टाकायची नसते. आधी डबीवाल्या भाऊंना विचारायचं असतं. कुणी न विचारता घेतलेच, तर भाऊ रागावत नाहीत. नवी डबी हातात घेतात, झाकण दोनदा उघडमिट करतात, ‘बिजागरी ढिली हाय’ एवढंच म्हणतात आणि परत देतात. घेणाऱ्याची त्या रात्रीची झोप गेलेली असते.

भाऊ दुकानदार नाहीत, एजंट नाहीत, कोणत्याही कंपनीचं कमिशन खात नाहीत. वर्ध्यात कुठल्याशा कचेरीत त्यांची नोकरी आहे; दोन सल्ल्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात ते ती करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. शर्टाच्या खिशात एक डबी, पँटच्या दोन खिशांत दोन, आणि पिशवीत परीक्षेला आलेल्या निराळ्या. आता विदर्भात पुरुषाने खिशातून डबी काढली की त्याचा अर्थ एकच होतो. त्यामुळे भाऊंनी पहिल्यांदा पारावर डबी उघडली तेव्हा शेजारच्या आजोबांनी सवयीने तळहात पुढे केला. भाऊंनी त्यावर एक पांढरा बड ठेवला. आजोबांनी तो अंगठ्याने बराच वेळ रगडला आणि म्हणाले, ‘चुना वाळला रे बाप्पा तुया.’ ‘डबीवाले’ हे नाव त्या दिवसापासूनचं.

वर्ध्याहून आर्वी रोडने निघालं की शहर कुठे संपलं आणि पिपरी कुठे लागली, हे नव्या माणसाला कळत नाही. जनगणनेच्या कागदात हे गाव शहर आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. एकीकडे इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्याच्या आधाराने खोल्या करून राहणारी पोरं. दुसरीकडे ले-आउटमध्ये घरं बांधून बसलेले निवृत्त गुरुजी, तलाठी, पोस्टमास्तर. आणि मधे रोज नागपूरला अपडाउन करणारी नोकरदार मंडळी. पोरांना गेम खेळायचा असतो, निवृत्तांना सकाळी फिरताना भजन ऐकायचं असतं आणि अपडाउनवाल्यांना गाडीत साहेबाचा फोन घ्यायचा असतो. तिघांनाही बिनवायरीचे बड्स लागतात, म्हणून तिघांनाही भाऊ लागतात.

याआधी भाऊ कूलरचे होते. मार्च लागला की त्यांच्या दारात लोक उभे राहायचे. लोखंडी घ्यावा की फायबरचा, गवत लावावं की हनीकॉम, पंप किती वॅटचा, टाकी किती लिटरची, सगळं त्यांना पाठ. पुढे 2016च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या अ‍ॅपल कंपनीने आपल्या फोनचं हेडफोनचं भोक बुजवलं आणि ते पांढरे सुटे बड्स जाहीर केले. त्यांची किंमत ऐकून पिपरी हसली. तेवढ्यात एक बरा कूलर आला असता. पण चार-पाच वर्षांत बोट, नॉइज, बोल्ट, मिवी अशा देशी कंपन्यांनी तोच प्रकार हजार-दीड हजारावर आणला आणि भाऊंना आयुष्याचं काम सापडलं. कूलरमध्ये तुलना करून करून किती करणार? फार तर दहा नमुने. इथे दर आठवड्याला दहा निघतात.

भाऊंची दोनशे पानी वही आहे. तिच्यात रकाने आखलेले: ड्रायव्हर (म्हणजे आतला स्पीकर) किती मिलिमीटरचा, ब्लूटूथ कितवं, बॅटरी, माइक, पाणी, धूळ, बिजागरी. कंपनीने डब्यावर छापलेली किंमत आणि खरी विक्रीची किंमत यांना वेगळे रकाने आहेत. ‘छापील चार हजार नऊशे नव्वद, भाव अकराशे. म्हणजे हे सवलत नाई, हे साहित्य हाय,’ असं भाऊ म्हणतात. ‘42 तास चालते’ असं खोक्यावर दिसलं की ते लाल पेन काढतात. ‘कान पाच-सहा तास चालते. बाकीचे तास डबीच्या पोटात हाय. तेही अर्ध्या आवाजावर, अन् नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून मोजलेले.’ आयपीएक्स-4 दिसलं की दुसरा धडा सुरू होतो. चार म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे आले तरी हरकत नाही. पण मधली एक्सची जागा धुळीची आहे, आणि तिथे एक्स असला म्हणजे धुळीबद्दल कंपनीने शब्द दिलेला नाही. ‘आपल्या आर्वी रोडले पाऊस चार महिने अन् धूळ बारा महिने. मंग काय कामाचं?’

समोरचा एवढ्यात गारठलेला असतो. तो भाचीच्या वाढदिवसाला काहीतरी द्यावं म्हणून आलेला असतो.

पण वही म्हणजे नुसतं कागदी ज्ञान. भाऊंचा खरा दरारा आहे तो परीक्षेमुळे. दुकानदार खोकं फोडू देत नाही आणि दुसऱ्याच्या कानातला बड कानात घालवत नाही. भाऊ ही जोखीम पिपरीच्या वतीने पत्करतात. स्पिरिटचा बोळा कायम जवळ असतो. पहिली परीक्षा कूलरची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पिपरीतल्या प्रत्येक खिडकीत एक राक्षस घुमत असतो. भाऊ त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात, बड्स घालतात आणि नॉइज कॅन्सलेशन चालू करतात. बडच्या बाहेरचा माइक कूलरची घरघर ऐकतो, आतली चिप तिच्या नेमकी उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. घरघर नाहीशी होते. भाऊंच्या चेहऱ्यावर समाधी उतरते. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आणि पाठोपाठ वहिनींची हाक स्पष्ट ऐकू येते. कारण ही युक्ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालते. अचानक येणाऱ्या उंच आवाजाची उलटी लाट काढायला तिला सवड मिळत नाही. ‘जगातल्या कोणत्याच कंपनीले हे जमलं नाई,’ भाऊ कुकरकडे बोट दाखवतात. पण पाहतात वहिनींकडे.

या शोधाचा इतिहासही ते सांगतात. आवाजाने आवाज मारायची कल्पना पॉल लुएग या जर्मन माणसाची. अमेरिकेत त्याला पेटंट मिळालं 1936 साली. त्याच 1936च्या एप्रिलात बापू सेगावला राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. दोन्हींचा काही संबंध नाही, हे भाऊंनाही ठाऊक आहे, पण इथून सेवाग्राम इतकं जवळ असताना हा योग हातचा सोडणं त्यांना जमत नाही. बापूंचं सोमवारचं मौन हेच पहिलं नॉइज कॅन्सलेशन, असं त्यांनी एकदा पारावर मांडलं. तिथे बसलेले निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘त्याले चार्जिंग नव्हतं लागत, बाबू.’

दुसरी परीक्षा रेल्वेची. नागपूरच्या गाडीत भाऊ दाराजवळ उभे राहून रूळ ऐकतात. तिसरी गेमची, ती कॉलेजची पोरं घेतात. बिनवायरीत आवाज थोडा मागून येतो, म्हणून स्वस्त बड्समध्ये आधी गोळी लागते आणि मग ती सुटल्याचा आवाज येतो. पोरं याला ‘लॅग’ म्हणतात. मेल्यावर ज्याला आवाज येतो तो सेट भाऊ निवृत्तांकडे वळता करतात. त्यांना भजनच ऐकायचं असतं. अभंग पाव सेकंद उशिरा आला तरी पांडुरंगाची तक्रार नसते.

भाऊंची एक सेवा मात्र कुठल्याच जाहिरातीत नाही. बड्सचा एक कान हरवतो, हा निसर्गाचा नियम आहे. कुणाचा डावा नालीत पडतो, कुणाचा उजवा कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये जातो. सुटा कान कंपनीकडे मिळाला तर मिळतो, आणि त्याचा भाव ऐकून माणूस नवी जोडीच घेतो. भाऊंकडे अशा एकट्या राहिलेल्या कानांची यादी आहे: मॉडेल, रंग, डावा की उजवा, खोलीचा पत्ता. एकाच मॉडेलचा एक डावा आणि एक उजवा सापडला की भाऊ दोन्ही पक्षांना बोलावतात, मानपानाचं ठरवतात, एका पक्षाकडून दुसऱ्याला दोन-अडीचशे रुपये दिले जातात आणि दोन्ही कान एका डबीत बसवून बटण दाबून धरलं जातं. दिवा दोनदा लुकलुकला की जमलं. स्थळं जमवणाऱ्या मामाजींसारखे भाऊ तेव्हा घाम पुसतात. काही वेळा दिवा लुकलुकत नाही. दोघांचं सॉफ्टवेअर जुळत नाही. मग भाऊ उदास होऊन म्हणतात, ‘पत्रिका बरोबर होती, पोरगं जुन्या वळणाचं निघालं.’

भाऊंचा उणेपणा एकच. त्यांनी कोणतंही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. भीमसेन जोशी त्यांच्या लेखी मिड, लता मंगेशकर ट्रेबल आणि गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे बेस. पंडितजींचा आलाप वर चढायला लागला की भाऊ मान हलवतात, वहीत सातऐवजी साडेसात लिहितात आणि दुसरा सेट कानात घालतात. तो राग कुठे पोचला, हे पिपरीत भाऊंकडून कुणालाच कळलेलं नाही. गिऱ्हाइकाचंही तसंच. ‘वापर कायचा?’ असं ते अगदी डॉक्टरी आवाजात विचारतात, आणि उत्तर सुरू झालं की वही उघडतात.

पारावरच्या त्या गुरुजींचंच पाहा. ते एका संध्याकाळी आले. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ड्रायव्हरपासून सुरुवात केली. दहा मिलिमीटर, तेरा मिलिमीटर. कानात खोल जाणारे की नुसते टेकणारे. रबराची टोपी लहान, मध्यम की मोठी, कारण टोपी बरोबर बसली नाही तर बेसही गळतो आणि बडही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो, म्हणून व्हॉल्यूम अर्ध्यावर. उन्हात गाडीच्या डिक्कीत डबी ठेवायची नाही, कारण लिथियमच्या बॅटरीला वर्ध्याचा मे महिना सोसत नाही. गुरुजींनी चहा संपवला, बशी संपवली, दोन मॉडेलं शिल्लक राहिली. तेव्हा भाऊंनी विचारलं, ‘मंग कोणतं लिहू, गुरुजी?’

गुरुजी म्हणाले, ‘याच्यात आकाशवाणी लागते ना, बाबू? मोबाइलमधला रेडिओ?’

भाऊंचं पेन थांबलं. मोबाइलमधला एफएम रेडिओ वायरीच्या इअरफोनवर लागतो, कारण ती वायरच त्याची अँटेना असते. बिनवायरीच्या बड्सना अँटेना कुठून आणणार? एवढ्या रकान्यांच्या वहीत हा रकाना नव्हता. पण भाऊ सावरले. ‘अ‍ॅप हाय ना, गुरुजी! न्यूज ऑन एअर. नेट चालू ठेवा, आकाशवाणी हजर.’

गुरुजींनी हिशेब केला. ‘म्हणजे हजार रुपयाचं यंत्र, वरून नेटचा पॅक, वरून रोज चार्जिंग. अन् दीडशे रुपयाच्या वायरीत फुकट लागते. पायतो मी.’ ते दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बजाज चौकातून वायर घेऊन आले. भाऊंनी ती हातात घेतली आणि म्हणाले, ‘पिन ढिली हाय.’

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण भाऊंच्या विद्यापीठातली अंतिम परीक्षा त्यांच्याकडे असते. कॉलवर आपला आवाज पलीकडे कसा जातो, हे आपल्याला कधीच कळत नाही. खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं ते याचसाठी: आपल्या मागचा गोंगाट पलीकडच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. एएनसी, म्हणजे ते कूलरवालं नॉइज कॅन्सलेशन, आपल्या कानासाठी; ईएनसी दुसऱ्याच्या. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि फसतात. म्हणून भाऊ प्रत्येक सेट घेऊन बजाज चौकात भर गर्दीत उभे राहतात आणि घरी फोन लावतात. ‘ऐक. माझा आवाज कसा येऊन राह्यला?’ वहिनी कणीक मळत सांगतात, ‘विहिरीतून बोलून राह्यले,’ किंवा ‘ऑटोवाला बोलून राह्यला, तुम्ही मागून कुठंतरी,’ किंवा कधीमधी, ‘आज बरे हाय. येताना सांभार आणा.’ सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणा असं वहिनी ज्या सेटला म्हणाल्या, तो सेट पास. कारण कामाचं बोलणं त्या फक्त स्पष्ट ऐकू आलं तरच करतात.

भाऊंना चिडवणं सोपं आहे, पण असा माणूस वस्तीत लागतो. खोक्यावरचे आकडे कंपनी लिहिते, शिफारस करणाऱ्याला बऱ्याचदा त्यातून काही मिळत असतं, आणि आपल्या कानाचा आकार दोघांनाही माहीत नसतो. फुकटात स्वतःचे कान देणारा माणूस गावात असेल, तर त्याचं बिजागरीवरचं प्रवचन सहन करावं.

तेव्हा पिपरीकडे आलात तर भाऊंकडे जरूर जा. वेळ असेल तर वही ऐका. घाई असेल तर भाऊ वही शोधायला आत गेले की वहिनींना विचारा. त्या तीनच गोष्टी सांगतात: मान हलवल्यावर कानातून पडू नये, चौकातून बोललेलं घरी ऐकू यावं, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला नागपूरला जावं लागू नये. याहून जास्त काही लागत असेल, तर तुम्हाला इअरबड्स नकोत, वही हवी आहे. ती भाऊ देत नाहीत.