समुद्राविना चौपाटी

ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या घरापासून समुद्र रस्त्याने ५०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे, ही गोष्ट रत्नागिरीहून प्रथमच रायपुरास येणाऱ्या माझ्या आत्येभावाला मी आगाऊ कळविली होती, तथापि सामान उतरवता उतरवता त्याने "इथली माणसं बाहेर जेवायला कुठे जातात रे?" असे विचारले आणि मी अगदी निर्मळ मनाने "मरीन ड्राइव्हवर, नाहीतर चौपाटीवर" असे उत्तर दिले, तेव्हा खोटा दस्तऐवज दाखल करणाऱ्या पक्षकाराकडे मामलेदाराने पाहावे तसा तो माझ्याकडे पाहू लागला. वस्तुतः माझे बोलणे अक्षरशः खरे होते. तेलीबांधा तलावाभोवतालच्या रस्त्यास आमच्या शहराने मरीन ड्राइव्ह हा किताब बहाल केलेला आहे. आणि मुंबईच्या वाळूत रुतलेला चौपाटी हा शब्द इकडे पोहोचेपर्यंत अंगावरची सगळी वाळू झटकून मोकळा झाल्यामुळे, खाण्याच्या गाड्या जेथे ओळीने उभ्या राहतील ती आमची चौपाटी.

पारा म्हणजे इकडे मोहल्ला, हे समजल्यावर आणि जवळच तात्यापारा आहे हे ऐकल्यावर त्याला किंचित धीर आला. परंतु दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी नाक्यावरच्या गाडीवाल्याने पोह्यांबरोबर जिलबी पुढे केली तेव्हा तो पुन्हा खचला. जिलबी हे लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याच्या साक्षीने, आग्रहाने वाढून घ्यावयाचे पक्वान्न, अशी ज्याची आजन्म श्रद्धा, त्याने ती सकाळी आठ वाजता, दात घासल्यानंतर अर्ध्या घटकेत, उभ्याने कशी स्वीकारावी? इतक्यात शेजारच्या गृहस्थाने "दो गुंडा देना, गरम वाला" अशी मागणी केली. आत्येभावाने माझा दंड घट्ट धरला. बटाटेवड्यास येथे आलूगुंडा म्हणतात, या गुंड्यांच्या नावे कोतवालीत एकही फिर्याद नाही आणि त्यांचा बंदोबस्त नागरिक परस्परच करतात, असा खुलासा केल्यावर त्याने त्यांपैकी तिघांना ताब्यात घेतले.

दुपारी मात्र त्याचा सूर पालटला, आणि त्याचे श्रेय माझे नव्हे. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ पासून 'गढ़कलेवा' नावाचे उपाहारगृह आहे. बचत गटाच्या स्त्रिया तेथे अस्सल छत्तीसगढी पदार्थ रांधून वाढतात. फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणीत परतलेले लांबट मुटके, त्याने संशयानेच खाल्ले, पण पाठोपाठ टोमॅटोच्या चटणीसह तांदळाचा पातळ, जाळीदार चिला आला, तेव्हा पहिला घास घेताच तो जवळजवळ ओरडला, "अरे, हे तर आपलं घावन!" त्यानंतर ठेठरीत त्याला कडबोळ्याची मावसबहीण दिसली आणि अइरसा म्हणजे परगावी राहून नाव किंचित बदललेला अनारसाच, असा निवाडा त्याने दिला. कोकण काय आणि धानाचा कटोरा म्हणवणारा हा मुलूख काय, तांदूळ दळून तव्यावर पसरण्याची बुद्धी दोघांनाही स्वतंत्रपणेच सुचली असावी. परंतु तो ती चोरी ठरवून पंचनाम्यास बसला होता आणि पुराव्यादाखल चौथा चिला मागवीत होता.

सायंकाळी आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. पाणीपुरीला येथे गुपचूप म्हणतात, त्यामुळे घरी परतल्यावर "गुपचूप खाऊन आलो" हे विधान सत्य असूनही सौभाग्यवतींच्या न्यायालयात टिकत नाही, हा माझा जुना अनुभव. आत्येभावाने बारा गुपचूप रिचविले, तलावावरून येणारा वारा छातीत भरून घेतला, आणि अंगी मुरलेल्या दर्यावर्दी सवयीने, पाण्याकडे बोट दाखवून गाडीवाल्यास आपल्या मराठी हिंदीत विचारले, "क्यों भैया, इधर भरती कब आती है?"

गाडीवाल्याने पुरीला भोक पाडता पाडता सहानुभूतीने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. "भर्ती तो साहब, अखबार में निकलेगी," तो म्हणाला, "पर आपकी उमर निकल गई होगी."