अमडापुरात राहून आपलं उत्पन्न कसं ओळखावं

आपलं उत्पन्न किती, हे सांगण्याआधी विचारतंय कोण ते पाहावं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला अमडापुरात किमान तीन उत्पन्नं असतात. मुलाच्या बायोडाट्यातलं सगळ्यात दांडगं. बँकेत कर्ज मागताना सांगायचं त्याच्या खालोखाल. आणि चिखलीला टॅक्सवाल्यासमोर बसल्यावर जे उरतं ते इतकं हडकुळं, की तोच बिचारा चहा मागवतो. खरं उत्पन्न कुणालाच ठाऊक नसतं, कारण गल्ला आणि खिसा एकच. त्यातूनच तांब्याची तार येते, किराणा जातो आणि भाचीच्या लग्नाचा आहेरही.

"कसं काय चालू राह्यलं?" असं शेजाऱ्याने विचारलं, तर "कायचं भाऊ, गिऱ्हाईकच नाही" म्हणावं. समोर पाच मोटारी उघडून पडल्या असल्या तरी. आयकर खात्याला मात्र हे उत्तर पुरत नाही.

समजा, तुमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशेब १९६१ च्या जुन्या कायद्यानेच होतो आणि त्यातलं कलम ४४एडी तुमच्याच स्वभावाला धरून लिहिलंय. उलाढाल दोन कोटींच्या आत असली, तर सरकार वह्या मागत नाही. नफ्याचा अंदाज तेच बांधतं. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेत किंवा क्यूआर कोडवर आलेल्या पैशावर ६ टक्के. ४० लाखांपैकी २५ लाख मोबाइलवर आणि १५ लाख रोख आले, तर दीड लाख अधिक एक लाख वीस हजार, म्हणजे उत्पन्न २ लाख ७० हजार. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही आणि सवलतीमुळे १२ लाखांपर्यंतही तो शून्यावर येतो. खरी कमाई याहून जास्त असेल तर जास्त दाखवायची सोय त्याच कलमात आहे. तिथवर वाचत आलं की गावात सगळ्यांचाच चष्मा घरी राहिलेला असतो.

"सोयाबीन निघू द्या, मग देतो" ही उधारीसुद्धा, विक्री झाली त्याच दिवशी हिशेब लिहीत असाल, तर उलाढालच. ती रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत जमा झाली तर ६ टक्क्यांत बसते. म्हणून तगादा लावताना फोन-पेचाच लावावा.

अडत, दलाली, विम्याचं कमिशन यांना हे कलम नाही. डॉक्टरांसाठी वेगळं आहे, त्यात जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरतात. तो आकडा ऐकून त्यांचंच बीपी तपासावं लागतं.

दुकानाचा नफा सातबाऱ्यावर पेरण्याचा मोह होईल, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. पण दोन एकरांतल्या सोयाबीनने ब्राझीललाही मागे टाकलं, तर साहेब कौतुकाने बोलावून घेतात.

कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर अंदाजावर चालणाऱ्यांनी तो सगळा १५ मार्चपर्यंत भरायचा. उशिराला व्याज आहे. बहुतेकांचा कर शून्यच निघतो आणि घरात आनंद होतो. पुढे दुकान वाढवायला वीस लाख हवे असतात, बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि २ लाख ७० हजारांवर बोट ठेवून विचारते, "हप्ता कशातून भरणार?" जास्त दाखवायची ती सोय त्या दिवशी बिनचष्म्याची वाचता येते.