कोपऱ्यावरचे साहेब

– वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरचे साहेब सहसंचालक झाले!

– ते भूजलवाले? बरं झालं बाई. आता आपल्या सोसायटीच्या दुसऱ्या बोअरचं बघतील.

– बघतात कसले! नाही म्हणण्यातच हयात चाललीय त्यांची. आधी तसं नव्हतं हो. कनिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून जालन्याकडे होते तेव्हा टंचाईच्या गावात ह्यांनी जागा दाखवायची आणि तिथे हातपंप बसायचा. पाणी लागलं की हार-नारळ. नाही लागलं की लोक म्हणणार, ह्यांच्यापेक्षा आमचा पाणाड्या बरा!

– पाणाड्याची जागा काय कधी चुकत नाही?

– चुकते की! पण तो चुकला तर आपलं नशीब फुटकं, हे चुकले तर सरकार नालायक. त्यात आपल्या राज्याचा ८० टक्के भाग काळा पाषाण. पाणी काय ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. भेग चुकली की शेजारच्याला धो धो, आपल्याला नुसता फुफाटा.

– मग त्यातून एवढे मोठे साहेब कसे झाले?

– विहिरी मोजून! जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, वर्षातून चारदा ठरलेल्या विहिरींत टेप सोडायचा, पातळी लिहायची, की पुढचं गाव. त्यांच्या मिसेस सांगतात, देवदर्शनाला गेले तरी आधी देवळामागच्या विहिरीत डोकावतात. तर वरिष्ठ भूवैज्ञानिक, मग उपसंचालक असे चढत गेले आणि तोवर कामच उलटं झालं. बोअर वाढल्या, पातळी खाली गेली. पूर्वी ‘इथे खणा’ सांगायचे, आता ‘खणू नका’ सांगतात. २००९ चा कायदा आहे ना, अमलात यायला २०१४ उजाडलं तो! शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायचंच नाही.

– अगंबाई! आमच्या भाऊजींनी मोसंबीसाठी सहाशे फूट मारलीय.

– हळू बोला.

– रात्रीच आली होती गाडी. तमिळनाडू पासिंगची.

– तेच ना! कायदा कागदावर आणि गाडी शेतात. साहेब तरी कुठेकुठे पुरणार? आता शिवाजीनगरला भूजल भवनात बसून बैठका घेतील, गावोगावच्या पाण्याचे ताळेबंद तपासतील. आणि त्याहून वरची आयुक्ताची खुर्ची आयएएसवाल्यांची. उभा जन्म खडक बघण्यात घालवलेल्या माणसाने खालीच थांबायचं, हे काही मला पटत नाही.

– पण ताई, बोअरचं एकदा विचारून तरी बघायचं.

– विचारलं की! म्हणाले, आधी गच्चीवरचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडा, मग बोलू.

– मग सोडलं?

– कमिटीने कोटेशन मागवलंय. मागच्या पावसाळ्यात.

– आणि ह्या पावसाळ्यात?

– ह्या पावसाळ्यात पाणाड्या येतोय. रविवारी सकाळी. तेव्हा साहेब गावाला गेलेले असतील.