बांधीतलं पाणी

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीत धानाची रोवणी सुरू झाली की मला ‘थर्टीन लाइव्हज’ आठवतो. त्याच्याबरोबर त्याची परीक्षणंही आठवतात, आणि राग येतो.

रॉन हॉवर्डचा हा सिनेमा २०२२चा. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ला १२ पोरं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले, १० जुलैला शेवटची पोरं बाहेर आली, त्याची ही गोष्ट. समीक्षकांनी भरभरून दाद दिली. गढूळ पाणी, अंग चोरून जावं लागेल अशा फटी, नटांनी स्वतः मारलेल्या बुड्या, दिग्दर्शकाचा संयम. हे सगळं रास्तच. कुणाला १४७ मिनिटं जास्त वाटली. मला तर गुहेबाहेरची मिनिटं कमी पडली.

डोंगरावरचं पाणी गुहेत शिरू नये म्हणून ते वळवायचं ठरतं. वळवायचं कुठे? खालच्या धानाच्या बांध्यांत. पीक जाणार हे ठाऊक असून शेतकरी हो म्हणतात. हे पडद्यापुरतं नाही, खरंच घडलं, आणि काहींनी तर भरपाईही घेतली नाही. मी वाचलेल्या परीक्षणांत या प्रसंगाला एखादी ओळ मिळाली, तीही ओझरती.

नुकतं रोवलेलं धान शेंड्यापर्यंत बुडालं आणि पाणी हटलं नाही, तर ते सडतं. तोवर पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, संपलेले असतात. दुसरी रोवणी करायची कशाची? त्या ‘हो’ची किंमत आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

गुहेतलं पाणी उपसणाऱ्यांकडेही परीक्षणांत असंच दुर्लक्ष झालं. किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ सल्ल्यासाठी गुहेपाशी पोचले होते. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत पंप विमानानं पाठवायला तयार ठेवले होते. पाणबुड्यांचं धाडस मोठंच. समन कुनान हा माजी नौसैनिक तर ६ जुलैला त्या गुहेतच मरण पावला. पण थरार फक्त पाण्याखालीच असतो, असं समीक्षकांनी का धरून चालावं?

परवा रोवणी करणाऱ्या एका बाईला मी हा प्रसंग सांगितला. तिनं पोरं वाचली का ते विचारलं. वाचली, म्हटल्यावर हातातली जुडी सोडवत तिनं दुसरं विचारलं: मग त्या लोकांना नवे पऱ्हे कुणी दिले?